आर. के. नगरातलं लॉन: विसर्जनापासून पाडव्यापर्यंत

२०२४ सालचं गणपती विसर्जन होऊन पाच दिवस झाले होते. रविवारी सकाळी कोल्हापूरच्या आर. के. नगरातून एका निवृत्त प्राध्यापकांचा फोन आला. "लॉन चार ठिकाणी करपलंय. दिवाळीला मुलगा, सून, नातू येणार आहेत. तोवर उभं राहील का?" पाडवा दोन नोव्हेंबरला होता, म्हणजे हातात सहा आठवडे होते. मी म्हटलं, "सर, आधी बघू दे. तोवर त्यात काहीही घालू नका."

त्यांनी आधीच बरंच घातलं होतं, हे तिथं गेल्यावर कळलं.

लॉन चाळीस बाय तीस, म्हणजे बाराशे चौरस फूट. चार वर्षांपूर्वी नर्सरीतून आणलेल्या पट्ट्या अंथरल्या होत्या. गवत 'सिलेक्शन वन', म्हणजे बारीक पानाची निवडक हरळी. ऑगस्टच्या शेवटी पिवळे डाग दिसले, तेव्हा सरांना वाटलं की पावसानं खत वाहून गेलं असेल. त्यांनी दोन वेळा मिळून चार किलो युरिया टाकला. डाग हटले नाहीत, उलट उरलेलं गवत पाच इंच वाढून आडवं पडलं. मग मुलानं अमेरिकेतल्या ओहायोहून यादी पाठवली. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात लॉनची कामं कशी करतात, त्याची ती यादी होती: जमिनीला भोकं पाडा, वरून बी टाका, नोव्हेंबरच्या अखेरीस थंडीआधीचं खत द्या, पडलेली पानं उचला. यादीप्रमाणे सरांनी रायग्रास या थंड हवेतल्या गवताचं पाच किलो बी मागवलंही होतं. पोर्चमध्ये पिशवी तशीच बांधलेली होती.

मुलाची यादी चुकीची नव्हती. ती त्याच्या अंगणासाठी बरोबर होती. तिकडे लॉनला केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू अशी थंड हवेतली गवतं लावतात. ती साधारण १५ ते २४ अंश तापमानात जोमानं वाढतात, कडक उन्हाळ्यात मंदावतात आणि सप्टेंबरात पुन्हा अंग धरतात. म्हणून बी पेरायला आणि खत द्यायला त्यांना तोच हंगाम योग्य. आपली हरळी याच्या उलट चालते. तिला २७ ते ३५ अंश हवेत. जून ते ऑक्टोबर तिचे धावायचे दिवस. कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटे पारा १४-१५ अंशांपर्यंत उतरतो. तेवढ्यानं ती मरत नाही, पूर्ण झोपतही नाही, पण वाढ अगदी हळू होते. म्हणजे इथं जे काही भरून यायचं, ते ती धावत असतानाच यायला हवं. हस्ताचा पाऊस आणि ऑक्टोबरची ऊब हाच तिचा शेवटचा चांगला काळ. तिकडची नोव्हेंबरअखेरची तारीख इथं पाळली, तर खताचा बराच भाग वाया जातो.

रायग्रासचं बी इथंही उगवतं, डिसेंबरात हिरवंगार दिसतं. पण फेब्रुवारी-मार्चची ऊन्हं लागली की ते मरतं. आणि तोवर त्यानं हरळीचं ऊन, पाणी आणि जागा खाल्लेली असते. मी सरांना ती पिशवी परत पाठवायला सांगितलं. मुलाचा सल्ला मोडायचा म्हणून ते थोडे नाराज झाले, पण कारण ऐकून घेतलं. यादीतली भोकं पाडायची गोष्ट मात्र मी ठेवली, कारण तिची गरज इथं ओहायोपेक्षा जास्त होती.

साळुंक्यांनी दिलेला सुगावा

मी डागांभोवती फिरत असताना काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, ह्या साळुंक्या रोज सकाळी इथंच का येतात? पंधरा-वीस असतात. बाकीच्या लॉनवर एकही बसत नाही." काकूंनी हे महिनाभर पाहिलं होतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. लॉनवर कावळे-साळुंक्या एकाच ठिकाणी चोच खुपसत असतील, तर ते तिथं काहीतरी खात असतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

पहिल्या डागाच्या कडेला गवत मुठीत धरून ओढलं. ते सतरंजीसारखं उचलून हातात आलं, कारण खाली मुळंच नव्हती. खुरप्यानं एक फूट लांब, एक फूट रुंद चौकोन चार इंच खोल उघडला. त्यात नऊ अळ्या निघाल्या. पांढऱ्या, जाड, इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या, डोकं तांबूस. माळीमामा कागलकडचे. त्यांनी एक तळहातावर घेतली आणि म्हणाले, "सर, हुमणी हाय ही. उसात पडली की उभा फड वाळवती बघा."

हुमणी कोल्हापूरच्या ऊस शेतकऱ्याला नवी नाही. शहरातल्या बंगल्यात मात्र तिचं नाव कुणी घेत नाही. गवत पिवळं पडलं की पाणी, खत आणि बुरशी या तीनच गोष्टी डोक्यात येतात. हिचं वर्षाचं चक्र ठरलेलं आहे. मे-जूनमध्ये वळवाचा पहिला दणकट पाऊस झाला की जमिनीतले तपकिरी भुंगे संध्याकाळी बाहेर पडतात. कडुलिंब, बाभूळ, बोर यांची पानं खातात, तिथंच जोडी लागते, आणि माद्या आसपासच्या जमिनीत अंडी घालतात. अळ्या पावसाळाभर आधी कुजकं आणि मग मुळं खात वाढतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात त्या सगळ्यात मोठ्या आणि खादाड असतात. म्हणजे सरांनी युरिया टाकला, तेव्हा खालून मुळं कुरतडली जात होती. ज्या गवताला मुळंच उरली नव्हती, त्याला ते खत घेता आलं नाही. ते मिळालं उरलेल्या निरोगी गवताला. बाराशे चौरस फूट म्हणजे साधारण १११ चौरस मीटर. एका वेळेला चौरस मीटरला पाच ग्रॅम नत्र पुरतं, म्हणजे सव्वा किलोच्या आत युरिया. सरांनी दोन वेळा मिळून त्याच्या तिप्पटीहून जास्त दिला होता.

इथं एक गोष्ट सांगतो, कारण घाबरून चुकीची अळी मारणारे पुष्कळ आहेत. शेणखताच्या ढिगात, पालापाचोळ्याच्या खड्ड्यातही अशाच पांढऱ्या जाड अळ्या सापडतात. त्यातल्या बऱ्याच फक्त कुजकं खातात आणि मुळांना त्रास देत नाहीत. त्यातली एक जात सहज ओळखता येते. अळी गुळगुळीत फरशीवर ठेवा. ती उताणी होऊन पाठीवर सरकत चालली, तर ती खताची अळी, तिला ढिगातच राहू द्या. हुमणी पाठीवर चालत नाही. ती कुशीवर वळवळत राहते. आम्ही पोर्चच्या फरशीवर सहा अळ्या ठेवल्या. सहाही कुशीवर पडून राहिल्या.

दुसऱ्या डागात चौरस फुटाला सहा निघाल्या, तिसऱ्यात सात.

चौथा डाग नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, गच्चीच्या पावसाच्या पाइपाखाली होता. तिथं एकही हुमणी नव्हती. गवत ओढलं तर निघत नव्हतं. मुळं काळी पडलेली, मातीला गटारासारखा वास, वर शेवाळाचा पातळ थर. हा डाग साचलेल्या पाण्याचा होता. चारही डागांना एकच औषध दिलं असतं, तर हा कोपरा पुढच्या वर्षीही असाच राहिला असता.

मुरूमावर तीन इंच माती

निरोगी भागातही एक चौकोन उघडून पाहिला. डाग नाही तिथं खणायला लोक तयार होत नाहीत, पण खरी माहिती तिथंच मिळते. वर अडीच-तीन इंच काळी माती आणि खाली रोलरनं दाबलेला मुरूम. दोन्हींच्या मधली रेघ सुरीनं कापल्यासारखी सरळ. मुळं त्या रेघेपर्यंत जाऊन तिथंच आडवी पसरलेली. आर. के. नगर हा माळ. बांधकाम करताना प्लॉट सपाट करून दाबला, मग नदीकाठच्या शेतातली काळी माती आणून वर पसरली. पावसाळ्यात पाणी मुरूमावर अडतं आणि पावसाळा सरला की तीन इंच माती दोन दिवसांत वाळते. ऑक्टोबरच्या उन्हात पहिली झळ अशाच लॉनला लागते.

त्या काळ्या मातीबरोबर लव्हाळ्याच्या गाठीही आल्या होत्या. कुंपणाच्या बाजूनं दहा-बारा ठिकाणी त्याचे तीन कडांचे दांडे वर आलेले. मामा हसले, "आमी रानात हरळी काढून काढून थकलो, आन् हितं हरळीला खत घालायचं." पण लव्हाळा दोन्हीकडे नकोच, यावर आमचं एकमत होतं. उसात त्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक वापरतात आणि ते हरळीला सोसतं. पण नातू लहान, दिवसभर लॉनवर लोळणारा, आणि दांडे थोडेच. म्हणून खुरप्यानं गाठीसकट खणून काढायचं ठरलं. नुसतं वरून उपटलं तर गाठी खाली राहतात आणि महिन्यात परत फुटतात.

कामाचा क्रम

सगळ्यात आधी अळ्या, कारण माती ओली असेपर्यंतच त्या वरच्या थरात असतात. माती सुकायला लागली की त्या खोल जातात. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा पावसाचा होता, तो आमच्या पथ्यावर पडला. सकाळी सातला मामा, त्यांचा मुलगा आणि मी बसलो. तिन्ही डागांवरचं मेलेलं गवत काढून टाकलं, माती मुरूमापर्यंत हलवली आणि हातानं अळ्या वेचल्या. डागांच्या कडेचा फूटभर पट्टाही उचकटला, कारण डाग जिथं संपतो त्याच्या पुढंच अळ्या सरकलेल्या असतात. पावणेदोनशे निघाल्या. साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकल्या.

रासायनिक औषध दिलं नाही. त्याची वेळ जुलै-ऑगस्ट, अळी लहान असताना. सप्टेंबरअखेरची जाड अळी त्याला सहसा दाद देत नाही आणि औषध मात्र मातीत राहतं. उरल्यासुरल्या अळ्यांसाठी मेटारायझियम या बुरशीची पावडर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी पसरली आणि हलकं पाणी दिलं. ही बुरशी अळीच्या अंगावर वाढून तिला मारते. तिला ओल लागते, कडक ऊन सोसत नाही, आणि परिणाम दिसायला काही आठवडे जातात. त्या काळात बुरशीनाशक फवारायचं नाही, नाहीतर हीच मरते.

मग भोकं. इथं माझी घाई नडली. दोन ऑक्टोबरला सुट्टी म्हणून मामा मोकळे होते. म्हटलं, करून टाकू. माती फार ओली होती. पाइप आत गेला की भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होत होत्या. अशा भोकातून ना हवा जाते ना मूळ. वीस-पंचवीस भोकांनंतर थांबलो आणि आठ दिवस वाट पाहिली. मातीचा गोळा हातात दाबला तर वळावा आणि बोटानं टोचला तर फुटावा, इतकी ओल हवी. ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळाली.

हत्यार आम्ही उद्यमनगरातून करून घेतलं होतं. अर्ध्या इंची जीआय पाइपचे दोन तुकडे, तोंड तिरकं कापून धार दिलेली, वर पाय ठेवायला आडवी पट्टी आणि धरायला दांडा. मशीन भाड्यानं आणण्यापेक्षा हे बरं, कारण मुरूमावर मशीन उडतं आणि माणसाला अंगाचा भार देता येतो. चार-चार इंचांवर भोकं, प्रत्येक चार इंच खोल, म्हणजे मुरूमात इंचभर तरी. मातीच्या कांड्या वर निघाल्या, त्या दोन दिवस वाळवून फोडल्या. बाराशे चौरस फुटांना दोन माणसांना दीड दिवस लागला. पाइपाखालच्या कोपऱ्यात पहारीनं मुरूम फोडून दीड फूट खोल सहा खड्डे घेतले, त्यात बारीक खडी भरली, आणि गच्चीचा पाइप वळवून नारळाच्या आळ्यात सोडला.

भोकांवर पसरायला वाळू आणि खताचं मिश्रण लागतं. पाव इंच जाडीचा थर द्यायचा तर बाराशे चौरस फुटांना पंचवीस घनफूट, म्हणजे बरोबर पाव ब्रास. शेजाऱ्यांनी सुचवलं, "फौंड्रीची वाळू फुकट मिळते, ट्रॉली आणू का?" कोल्हापुरात हे प्रत्येक लॉनच्या वेळी कुणीतरी सुचवतं आणि मी प्रत्येक वेळी हात जोडून नको म्हणतो. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट चिकणमाती आणि कोळशाची भुकटी असते, काही वाळूत रेझिन. ती पाणी झिरपू देण्याऐवजी भोकं बुजवते आणि त्यातलं काय काय जमिनीत उतरेल ते वेगळंच. आम्ही धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, आणली. न धुतलेल्या क्रश सँडमध्ये दगडाची पूड फार असते आणि तीही सिमेंटसारखी बसते. मिश्रणात वाळू एक भाग आणि चाळलेलं कुजकं शेणखत दोन भाग घेतलं. काळ्या मातीत नुसती थोडी वाळू मिसळली की विटेसारखा गठ्ठा होतो, म्हणून खत जास्त. फळीच्या पाठीनं ते भोकांत लोटलं. गवताची टोकं वर दिसली पाहिजेत, एवढंच पाहिलं.

उघड्या तीन डागांवर विकतच्या पट्ट्या आणल्या नाहीत. नवी पट्टी म्हणजे नवी माती, नव्या गाठी, कदाचित नवी अळी. कुंपणालगतच्या दाट गवतातून पेरांच्या काड्या काढल्या आणि तीन-तीन इंचांवर टोकल्या. दोन पेरं मातीत, एक वर.

कापणी याआधीच सुरू केली होती. पाच इंच वाढलेलं गवत एकदम दीड इंचावर आणलं असतं, तर खालचे पिवळे देठ उघडे पडून उन्हात भाजले असते. एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायचं नाही. पाचावरून साडेतीन, मग अडीच, मग पावणेदोन, मध्ये पाच-सहा दिवस. मशीनचं पातं राजारामपुरीत धार लावून आणलं.

खतात नत्र फक्त एकदा दिलं, पंधरा ऑक्टोबरला, सहाशे ग्रॅम युरिया वाळूत मिसळून, म्हणजे पुऱ्या मात्रेच्या निम्मं. आधीच्या चार किलोंमधलं थोडंफार अजून मातीत होतं. त्यासोबत अर्धा किलो पोटॅश. थंडीत आणि पाण्याच्या ताणात तग धरायला गवताला ते उपयोगी पडतं. काळ्या मातीमुळे काही ठिकाणी कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, अशी लोहाची कमतरता दिसत होती. त्यावर हिराकस (फेरस सल्फेट), लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी फवारलं. फरशीवर उडू दिलं नाही, त्याचे गंजाचे डाग निघत नाहीत.

पाण्याचं सरांना गणित करून दिलं. आठवड्याला एक इंच पाणी म्हणजे या लॉनला सुमारे २८०० लिटर. खोल माती असती तर ते दोन वेळांत दिलं असतं. तीन इंचांच्या मातीत तेवढं धरून राहत नाही, म्हणून तीन वेळा, पहाटे. किती पडलं हे कळायला लॉनवर तीन रिकामे डबे ठेवायचे आणि पट्टीनं मोजायचं. सरांनी हे काम इतकं मनावर घेतलं की वही घातली. टोकलेल्या डागांना मात्र पहिले बारा दिवस रोज हलकी झारी.

पाडव्याला काय दिसलं

तीन डागांपैकी दोन पूर्ण मिटले होते. तिसऱ्यात टोकलेल्या काड्या फुटल्या होत्या, पण मधली माती दिसत होती. ती डिसेंबरपर्यंत तशीच राहिली, कारण थंडी सुरू होऊन धाव मंदावली. दोन ऑक्टोबरचे आठ दिवस हातचे गेले नसते, तर कदाचित तोही भरला असता. पाइपाखालचा कोपरा कोरडा झाला, वास गेला, पण तिथं दुपारनंतर भिंतीची सावली असते. हरळीला रोज सहा तास तरी थेट ऊन हवं. तिथं ती कधीच दाट होणार नाही, हे मी सरांना सांगितलं. काकूंनी तिथं नेचे आणि लिलीचे कंद लावले. लव्हाळ्याचे चार दांडे परत आले, ते परत खणले.

नातवानं पाडव्याच्या सकाळी किल्ल्याची माती लॉनवर सांडली. ती मुलानं स्वतः झाडून काढली आणि मला भोकांबद्दल पंधरा मिनिटं विचारत राहिला. मी त्याला उद्यमनगरातला पाइप दाखवला. निघताना त्यानं त्याचा फोटो काढून नेला.

२०२५ चा मे पावसानंच गाठला. तिसऱ्या आठवड्यातच वळीव जोराचा आला आणि महिना संपायच्या आत मान्सून राज्यात पोचला. भुंगे जूनची वाट पाहत बसणार नव्हते. पहिल्या मोठ्या पावसाच्या संध्याकाळीच मी सरांना फोन केला. त्यांनी फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली दिवा टांगला, खाली पसरट टोपात पाणी आणि थोडं रॉकेल. काकूंनी जुनं लुगडं अंथरून काठीनं फांद्या झोडल्या, भुंगे टपाटप पडले. पहिल्या रात्री त्रेचाळीस, दुसऱ्या रात्री एकतीस, मग कमी होत गेले. शेजारच्या दोन बंगल्यांनीही दिवे लावले. ते गरजेचंच होतं, कारण भुंगा कुंपण ओलांडून येतो.

त्या वर्षी विसर्जनानंतरच्या रविवारी मी परत गेलो. पाच ठिकाणी चौरस फुटाचे चौकोन उघडले. पाचांत मिळून चार अळ्या निघाल्या, आणि मुळं भोकांतून मुरूमात इंच-दीड इंच उतरलेली दिसली. एवढ्या अळ्यांना गवत पुरून उरतं, म्हणून औषध काहीच दिलं नाही. चौकोन परत बसवले, पायानं दाबले आणि पाणी दिलं.